शरीर कसं बनलंय आणि कसं चालतं: नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये नर्सिंग आणि पॅरामेडिकलच्या पहिल्या वर्षाला मी शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवते. वर्गात सुरगाण्यापासून येवल्यापर्यंतची मुलं-मुली असतात, बरीचशी मराठी माध्यमातून आलेली. त्यांचे प्रश्न, त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात हमखास येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी हे दोन वेगळे विषय आहेत ना? मग एकत्र का शिकवतात?

काय कुठे आहे, कशाचं बनलंय, कशाला जोडलंय ही झाली रचना. ते काय करतं आणि कसं करतं ही झाली क्रिया. पुस्तकात दोन धडे होतात, देहात ते वेगळे काढता येत नाहीत. पहिल्या वर्षी बहुतेकांची गाडी इथेच अडते. आधी नावं पाठ करू, काम मागाहून समजून घेऊ, असं ठरवतात आणि दिवाळीपर्यंत नावं डोक्यातून उडालेली असतात.

म्हणून हृदयाच्या धड्याला मी मटणाच्या दुकानातून बोकडाचं हृदय आणायला सांगते, न कापलेलं. ज्यांना हात लावायचा नसतो त्यांनी बाजूला उभं राहून पाहिलं तरी चालतं. हृदय तळहातावर घेऊन दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबून बघायचं. एक बाजू दबते, दुसरी टणक लागते. टणक ती डावी. मग उभा छेद घ्यायचा. डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याची, भिंत उजवीच्या सुमारे तिप्पट जाड दिसते. उजवी जवनिका रक्त शेजारच्या फुप्फुसांत ढकलते, तिथे दाब कमी लागतो. डावीला तेच रक्त डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पोचवायचं असतं. माणसाच्या हृदयातही हाच फरक आहे. भिंतीची जाडी बघितली की काम कळतं, आणि काम कळलं की जाडी पाठ करावी लागत नाही.

आता महाधमनीच्या तोंडात वरून पाणी ओता. आतले तीन छोटे कप्पे फुगतात, एकमेकांना भिडतात आणि पाणी खाली जायचं थांबतं. ही झडप. तिला कुणी उघडत नाही, कुणी मिटत नाही, रक्ताचा दाबच दोन्ही कामं करतो. कर्णिका (वरचे कप्पे) आणि जवनिका यांच्यामधल्या झडपांना मात्र खालून पांढरे चिवट धागे बांधलेले असतात. झडप उलटी वर जाऊ नये म्हणून ते ताणून धरतात. चिमटीत धरून ओढून बघा, सहजी तुटत नाहीत. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्त शरीरात गोल फिरतं हे सिद्ध केलं, त्याच्या मांडणीत झडपा एकाच दिशेने उघडतात हा एक मोठा आधार होता.

पेशी, ऊती, अवयव, संस्था: हा क्रम एवढा महत्त्वाचा का?

कारण आजार यातल्या कुठल्या पायरीवर आहे हे ओळखता यायला हवं. सारख्या कामाच्या पेशी एकत्र आल्या की ऊती. ऊती मुख्य चारच प्रकारच्या: आच्छादक, संयोजी, स्नायू आणि चेता. जठर घेतलं तर त्यात चारही सापडतात. आतलं अस्तर, त्याखालची जोडणारी ऊती, अन्न घुसळणारे स्नायू आणि त्यांना निरोप देणाऱ्या चेता. असे अवयव मिळून पचनसंस्था. एवढं पक्कं करा आणि पुढे चला, यावर आठवडा घालवू नका.

आकृतीत डावं-उजवं उलटं का असतं?

आकृतीतला माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे, पाय जुळवलेले, हात बाजूला, तळवे पुढे. डावं म्हणजे त्याचं डावं. वॉर्डातही डावं म्हणजे रुग्णाचंच डावं. हे इतकं साधं आहे की शिकवायची लाज वाटावी, पण ऑपरेशनच्या आधी बाजूची खूण करायची सक्ती याच चुकीपायी आली.

बाळाला मोठ्या माणसापेक्षा जास्त हाडं असतात, हे खरं?

खरं. जन्मताना हाडांचे जवळपास २७० ते ३०० तुकडे असतात. वाढताना त्यातले बरेच एकमेकांना जुळतात आणि मोठेपणी २०६ उरतात. माकडहाड आणि त्याच्या वरचं त्रिकास्थी ही अशीच जुळून झालेली हाडं. सुश्रुतसंहितेत ३०० हाडं मोजली आहेत आणि चरकसंहितेत ३६०. ती मोजणी चुकीची म्हणून हसण्याआधी हे लक्षात घ्या की त्यांनी दात आणि आज आपण कूर्चा म्हणतो ते भागही हाडांत धरले होते.

याच प्रश्नात टाळूचा विषय येतो. कवटीची हाडं जन्मताना जुळलेली नसतात, त्यामुळे प्रसूतीच्या वेळी डोकं थोडं दबू शकतं आणि पुढे मेंदूला वाढायला जागा मिळते. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची मोठी टाळू साधारण दीड वर्षापर्यंत. आपल्याकडे टाळू भरतात. हलक्या हाताने तेल लावण्याला कुणाची हरकत नाही. पण तेल जिरवून टाळू लवकर मिटते असं नाही, आणि तिथे दाबणं चुकीचं आहे. त्यापेक्षा टाळू बघायला शिका. जुलाब-उलट्या होणाऱ्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसली तर अंगातलं पाणी कमी झालंय. बाळ शांत असताना, मांडीवर सरळ धरलेलं असताना टाळू फुगून ताठ झालेली दिसली, सोबत ताप किंवा सुस्ती असली, तर मेंदूभोवतीचा दाब वाढला असण्याची शक्यता आहे. दोन्ही वेळा वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. पाड्यावर जाणाऱ्या आशाताईकडे कुठलंही यंत्र नसलं तरी एवढं तिला नजरेने आणि बोटांनी कळतं.

गडावर पायऱ्या चढताना धाप का लागते?

सप्तशृंगीच्या पायऱ्या सुमारे पाचशे. आता वर जायला ट्रॉली आहे, तरी नवस असलेले पायीच चढतात. चढताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ऑक्सिजन झपाट्याने वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड व उष्णता बाहेर टाकतात. मेंदूकडून स्नायूंना हुकूम सुटतो तेव्हाच श्वसनकेंद्रालाही निरोप जातो, म्हणून श्वास पहिल्या काही पायऱ्यांतच वाढतो, ऑक्सिजन कमी पडायची वाट बघत नाही.

बसलेलं असताना हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. दमछाक होईपर्यंत चढणाऱ्या निरोगी तरुण माणसात ते वीस लिटरपर्यंत जातं. बसल्या जागी यातला पाचवा भागही स्नायूंना मिळत नाही, चढताना मात्र मोठा वाटा तिकडे वळवला जातो आणि आतड्यांचा वाटा कमी होतो. भरपेट जेवून गड चढायला घेतला की पोटात कळ येते आणि मळमळतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

श्वास रोखून धरला तर थोड्या वेळाने घ्यावाच लागतो. तो हट्ट प्रामुख्याने वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, ऑक्सिजन संपल्याचा नव्हे. आत घेतलेल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, सोडलेल्या हवेत अजून १६ टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. तोंडाने दिलेला कृत्रिम श्वास उपयोगी पडतो तो या उरलेल्या १६ टक्क्यांमुळे.

थांबल्यावर काही मिनिटांत धाप ओसरली तर ठीक. घरातल्या घरात चालताना धाप लागणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडून उठून बसावं लागणं, पायावर सूज येणं, छातीत दडपण वाटणं, ही वयाची किंवा वजनाची लक्षणं समजून सोडून देऊ नका.

नाडी आणि बीपी एकच का?

नाही. नाडी म्हणजे हृदयाच्या ठोक्यासोबत धमनीत उठणारी लाट. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं हलकेच ठेवा. तुमचा अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. मिनिटभर मोजा. मोठ्या माणसात बसल्या जागी ६० ते १००, नवजात बाळात १२० ते १६०. संख्येइतकाच ताल महत्त्वाचा. मध्येच चुकणारी, अगदीच बेताल नाडी लागली तर लिहून ठेवा आणि सिस्टरना किंवा डॉक्टरांना दाखवा.

बीपी म्हणजे धमनीच्या भिंतीवरचा दाब. १२०/८० मधला वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडल्यावरचा. द्राक्षबागेत ठिबक बघितलेल्यांना हे पटकन समजतं: मोटर तीच असली तरी पुढच्या नळ्या अरुंद झाल्या की मेन लाइनवरचा दाब वाढतो. शरीरात या अरुंद नळ्या म्हणजे धमनिका, स्नायूंची भिंत असलेल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या. बीपीच्या काही गोळ्या त्याच सैल करतात, काही अंगातलं जादा मीठ-पाणी लघवीवाटे काढतात, काही हृदयाचा जोर कमी करतात.

बीपी घेताना रुग्णाला पाच मिनिटं बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला. बोलायचं नाही. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झालेली नको. पट्टा दंडाच्या मानाने लहान असला तर आकडा खोटा वाढतो. ओपीडीत रांग लागलेली असताना हे सगळं पाळणं जड जातं, मी समजू शकते, पण चुकीच्या आकड्यावर माणसाला जन्मभराची गोळी लागू शकते.

हिमोग्लोबिन ८ आहे म्हणजे नेमकं काय कमी आहे?

ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू धरतो. त्यासाठी प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू लागतात. तांबडी पेशी दोन्ही बाजूंनी चेपलेली असते, त्यामुळे वायू आत-बाहेर जायला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि ती केसासारख्या वाहिन्यांतून वाकून जाऊ शकते. तिच्यात केंद्रक नसतं, ती जागाही हिमोग्लोबिनला मिळते. केंद्रक नसल्यामुळे ती स्वतःची डागडुजी करू शकत नाही आणि १२० दिवसांनी मोडीत निघते. तिच्यातलं लोह मात्र शरीर जपून परत वापरतं.

बाईत १२, गरोदरपणात ११ आणि पुरुषात १३ च्या खाली गेलं तर रक्तक्षय म्हणतात. मासिक पाळीत रक्त जातं, गरोदरपणात बाळाला लोह द्यावं लागतं, म्हणून बायकांना त्रास जास्त. त्यात घरात सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेलं खायची रीत अजून कितीतरी घरांत आहे. नुसत्या गोळ्या देऊन आपण ते लपवतो असं मला वाटतं.

गोळी घेताना चहा नको, चहातली द्रव्यं लोह शोषू देत नाहीत. लिंबू, पेरू, आवळा सोबत चालतो. गोळीने शौच काळं होतं, घाबरून गोळी बंद करू नका.

सिकलसेल हा पण रक्तक्षयच आहे ना? मग लोहाची गोळी का चालत नाही?

सुरगाणा, पेठ या भागातून आलेल्या मुली हा प्रश्न विचारतात, कारण त्यांच्या घरात कुणाला तरी तो असतो. इथे कमतरता लोहाची नसते. हिमोग्लोबिनच्या साखळीतलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्याशा बदलाने ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. अशी ताठ पेशी बारीक वाहिनीत अडकते. मागचं रक्त अडतं, हाडांत आणि सांध्यांत असह्य कळा येतात. ती पेशी १२० दिवस जगतही नाही, दोन-तीन आठवड्यांत मोडते, म्हणून रक्त कमी पडतं. तपासणीत लोहही कमी निघालं तरच डॉक्टर लोह देतात.

आई आणि वडील दोघांकडून हा गुण आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो, त्याला सहसा काही त्रास नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. वाहकांना मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, त्यामुळे मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. यात कुणाचा दोष नाही, कुणाच्या घराण्याचा शाप नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासणी मोफत होते. लग्नाआधी मुला-मुलीने ती करून घ्यावी. अंगात पाणी कमी पडणं, कडाक्याची थंडी, ताप आणि दमवणारे श्रम यांनी कळा सुरू होतात, म्हणून आजार असलेल्या मुलाजवळ शाळेत पाण्याची बाटली हवी आणि बाईंना माहिती हवी.

फवारणी करून आलं की काही जणांना लाळ का सुटते, दिसायला अंधूक का होतं?

जिल्ह्यात द्राक्षबागांची ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की फवारण्या सुरू होतात. सगळी औषधं सारखी नसतात, बुरशीनाशकांचं काम वेगळं आहे. लाळ आणि अंधूक दिसणं हा त्रास मुख्यतः ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट जातीच्या कीटकनाशकांचा. चेतासंस्थेचं काम कसं चालतं हे यातून इतकं स्वच्छ दिसतं की तो धडा मी इथूनच सुरू करते.

चेतातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला थेट चिकटलेला नसतो, मध्ये अतिशय सूक्ष्म फट असते. निरोप आला की तंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि पलीकडे काम सुरू करतं. काम झाल्याझाल्या एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करतं, म्हणून स्नायू आकुंचन पावून लगेच सैल होतो. कीटकनाशक त्या विकरालाच बंद पाडतं. अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं आणि निरोप थांबतच नाही. लाळग्रंथी वाहत राहते. घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब होतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, म्हणून अंधूक दिसतं. नाडी मंदावते. पापण्यांखाली, दंडात, पोटरीत स्नायू फडफडतात आणि मग थकून लुळे पडतात. श्वासनलिकांत स्राव साठतो आणि श्वासाचे स्नायूही थकतात. मृत्यू येतो तो श्वास बंद पडून.

हे औषध कातडीतूनही आत जातं. त्यामुळे "तोंडात तर काही गेलं नाही" यावर विश्वास ठेवू नका. माणसाला बागेतून मोकळ्या हवेत आणा, कपडे उतरवा, केसांसकट सगळं अंग साबणाने धुवा, धुणाऱ्याने हातमोजे घाला. जवळ काही नसेल तर प्लास्टिकच्या पिशव्या हातात चढवा. ओकारी काढायला लावू नका, मिठाचं पाणी पाजू नका. डबा किंवा त्याचं लेबल सोबत घेऊन १०८ ला फोन करा. रुग्णालयात अ‍ॅट्रोपिन देतात, ते साचलेल्या रसायनाचा ग्रंथी आणि हृदयावरचा परिणाम अडवतं. जितक्या लवकर पोचाल तितकं ते जास्त उपयोगी.

ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनी हे उत्तर बागेत फवारणाऱ्या मजुरांनाही वाचून दाखवावं. पंप बहुतेक वेळा त्यांच्याच पाठीवर असतो.

दुखतं एका जागी आणि आजार दुसरीकडे, असं कसं होतं?

कातडीला चिमटा घेतला तर बोट नेमकं तिथे जातं. आतल्या अवयवांचं तसं नाही. त्यांच्याकडून येणारे तंतू मोजके असतात आणि मज्जारज्जूत कातडीच्या तंतूंसोबत एकाच ठिकाणी शिरतात. मेंदू त्या वेदनेचा अर्थ कातडीच्या हिशेबाने लावतो.

अपेंडिक्स घ्या. त्याचे तंतू मज्जारज्जूच्या ज्या भागात जातात तिथेच बेंबीभोवतीच्या कातडीचेही जातात, म्हणून सुरुवातीला बेंबीपाशी दुखतं. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकते. त्या अस्तराला नेमकी जागा सांगणाऱ्या चेता असतात, मग दुखणं उजव्या बाजूला खाली सरकतं. असं सरकलेलं दुखणं रुग्णाने सांगितलं तर ते शब्द तसेच नोंदवा, डॉक्टरांना निम्मं निदान तिथेच मिळतं.

पित्ताशय सुजलं तर उजव्या खांद्यात दुखू शकतं, कारण जवळच्या श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याची, चेता मानेतून निघते आणि खांद्याच्या कातडीच्या चेताही तिथूनच. मुतखड्याची कळ पाठीकडून जांघेत उतरते. हृदयाचं दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जातं. कधी ते छातीत जाणवतच नाही, वरच्या पोटात जळजळल्यासारखं होतं. पन्नाशीच्या माणसाला, मधुमेह्याला, घाम फुटून "अ‍ॅसिडिटी" झाली तर सोडा पाजत बसू नका, ईसीजी काढा.

एकादशीला उपास केला की साखरेचं काय होतं?

जेवल्यावर स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. स्नायू आणि चरबी साखर उचलतात, यकृत ती ग्लायकोजेन करून साठवतं. जेवण बंद झालं की स्वादुपिंडातूनच ग्लुकागॉन हे दुसरं संप्रेरक सुटतं आणि यकृत साठा परत देऊ लागतं. तो साठा साधारण एक दिवस पुरतो, त्यानंतर यकृत प्रथिनांपासून साखर बनवतं आणि चरबी जळते. हे निर्जळी किंवा नुसत्या पाण्यावरच्या उपासाचं झालं. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, ती खाल्ल्यावर स्वादुपिंडाला काही उपास घडत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने उपास धरायच्या आधी डॉक्टरांशी बोलावं, साखर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपू शकते.

मूत्रपिंड फक्त लघवी बनवतं ना?

लघवी हा शेवटचा उरलेला भाग. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतात. मीठ, पाणी, आम्लता यांचा हिशेब तिथे ठरतो. बीपीवर त्यांचा ताबा असतो, तांबड्या पेशी बनवायचा निरोपही तिथूनच जातो. किडनीच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन उतरतं ते या निरोपात खंड पडल्यामुळे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाणं मूत्रपिंडाला भोवतं.

मेंदूचा फक्त दहा टक्के भाग आपण वापरतो, हे खरं का?

नाही. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला मेंदू बसल्या जागी २० टक्के ऑक्सिजन खातो. पडून राहिलेल्या ९० टक्क्यांवर शरीराने एवढा खर्च केला नसता. पक्षाघाताचा अगदी छोटा झटका आला तरी काही ना काही काम बिघडतं.

निफाडला पारा एवढा उतरतो, तरी अंगाचं तापमान तेच कसं राहतं?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तो रक्ताचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखतो. थंडी वाजली की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, उष्णता आत राहते, हातपाय गार पडतात. तेवढ्याने भागलं नाही तर स्नायू थरथरतात, त्यातून उष्णता निघते. कातडीतलं रक्त आत आल्याने मूत्रपिंडांकडे जास्त जातं आणि थंडीत लघवीला सारखं जावं लागतं. उन्हाळ्यात मालेगावात याच्या उलट: वाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो.

आतलं वातावरण स्थिर राखण्याची ही कल्पना क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात मांडली, पुढे वॉल्टर कॅनन यांनी तिला होमिओस्टॅसिस हे नाव दिलं. सगळ्या अभ्यासक्रमात एकच गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर ही घ्या. साखर, बीपी, पाणी, श्वास यांबद्दल वर जे लिहिलं ते सगळं तिचंच आहे.

ताप हा यातला नाजूक भाग. तापात हायपोथॅलॅमस ठरलेला आकडाच वर नेतो, समजा ३९ वर. शरीर ३७ वर असतं, म्हणून त्याला थंडी वाजते आणि हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल तो आकडा परत खाली आणतं, मग घाम येतो. थंडी वाजणाऱ्या बाळाला दोन घोंगड्यांत गुंडाळून खोली बंद करू नका आणि बर्फाच्या पाण्याने पुसूही नका. एक पातळ कपडा, भरपूर पाणी किंवा अंगावरचं दूध, आणि वजनाप्रमाणे औषध. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काहीच करत बसायचं नाही, थेट दवाखान्यात.

देहदान करायचं असेल तर नाशिकमध्ये काय करावं लागतं?

हा प्रश्न ज्येष्ठ नागरिक विचारतात आणि विद्यार्थ्यांनीही तो ऐकावा, कारण पुस्तकातल्या आकृत्या कुणाच्या तरी देहावरूनच आल्या आहेत. सुश्रुतसंहितेत शवाचा अभ्यास कसा करायचा हे सविस्तर आहे. मुंज, कुश अशा गवतांत गुंडाळलेला देह पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू थर काढत आतला प्रत्येक भाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. नुसतं शास्त्र वाचून भागणार नाही असा त्यांचा आग्रह होता. आज देह रसायनांत टिकवतात, आग्रह तोच आहे.

महाराष्ट्रात देहदान १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली होतं. शरीररचनाशास्त्र विभाग असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात इच्छापत्र भरायचं. आडगावला मराठा विद्या प्रसारक (मविप्र) संस्थेचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुम्ही फॉर्म भरलेला असला तरी शेवटी देह सोपवतात ते नातेवाईक. मुलाने नको म्हटलं तर कुणी जबरदस्तीने नेत नाही. म्हणून फॉर्म भरायच्या आधी घरात सगळ्यांसमोर बोला, गावाकडच्या भावकीलाही सांगून ठेवा.

मृत्यूनंतर डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो आणि देह काही तासांत पोचवावा लागतो. शवविच्छेदन झालेला देह, अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू, एचआयव्ही किंवा काविळीचे काही संसर्ग असतील तर देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान करून देहदानही करता येतं. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, तोवर पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद करा. किडनी, यकृत यांचं मरणोत्तर दान वेगळं. ते मेंदू मृत झालेल्या रुग्णाकडून रुग्णालयातच होतं आणि त्याला १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा लागतो.